भगंदराचं प्राणी-मॉडेल वाचताना आधी कंट्रोल गट बघा

प्राण्यांवरच्या प्रयोगाचा पेपर हातात आला की आपली नजर आधी कुठे जाते? उपचार दिलेल्या गटाच्या आलेखावर. रेघ वर गेली, त्यावर दोन-तीन तारे दिसले, की आपण खूश होतो आणि लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक वाक्य टाकून मोकळे होतो: 'प्राणी-मॉडेलमध्ये हा उपचार परिणामकारक ठरला.' पीएचडीच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींना आज याच्या उलट वाचायला सांगणार आहे. आधी ज्यांना काहीच दिलं नाही, त्या प्राण्यांचं काय झालं ते बघा. मॉडेल कसं आहे ते तिथेच कळतं.

उदाहरणासाठी भगंदर घेतोय, कारण या आजाराचं मॉडेल बनवणं दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. आणि मॉडेल कमकुवत असलं तर त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: प्रयोगशाळेत प्राणी देतात आणि दवाखान्यात रुग्ण देतात.

आधी आजार समजून घेऊ

भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतल्या बाजूपासून बाहेरच्या त्वचेपर्यंत तयार झालेला चोरवाटेसारखा मार्ग. त्याला आत एक तोंड असतं आणि बाहेर एक. बाहेरच्या तोंडातून पू येतो, मध्येच बंद होतो, रुग्णाला वाटतं बरं झालं, आणि काही आठवड्यांनी तिथेच पुन्हा गळू येतं.

बहुतेक भगंदरांची सुरुवात गुदमार्गातल्या छोट्या ग्रंथींच्या संसर्गापासून होते, असं आज मानलं जातं. ब्रिटिश सर्जन पार्क्स यांनी १९६१ मध्ये ही मांडणी ठामपणे केली आणि १९७६ मध्ये भगंदराचे चार प्रकार सांगितले. शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंमधून हा मार्ग नेमका कुठून जातो, यावर ते प्रकार ठरतात. सगळी गोम इथेच आहे. मार्ग पूर्ण उघडला की तो बरा होतो, पण त्यात स्नायू जास्त कापला गेला तर शौचावरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून स्नायू न कापता मार्ग बुजवणाऱ्या उपायांचा शोध सतत चालू असतो: गोंद, बूच, पेशी, जेल. या सगळ्यांची चाचणी घ्यायला मॉडेल लागतं.

दुसरा मोठा गट क्रोन्स आजाराच्या रुग्णांचा. क्रोन्स म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह. यातला भगंदर जास्त चिवट असतो, कारण मुळातला दाह चालूच राहतो. मार्गाच्या कडेच्या अस्तरपेशी एकमेकींना धरून राहायचं सोडतात, हालचाल करणाऱ्या पेशींसारख्या होतात आणि खोल ऊतींत शिरतात. टीएनएफ, टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-१३ या रेणूंचा यात हात असल्याचं रुग्णांच्या ऊतींच्या अभ्यासातून दिसलं आहे.

म्हणजे भगंदरात तीन गोष्टी एकत्र असतात: मार्ग, तो उघडा ठेवणारं कारण, आणि वेळ. यातला मार्ग सर्जन एका दुपारी तयार करू शकतो. उरलेल्या दोन गोष्टी मात्र मॉडेलमध्ये सहज येत नाहीत. पुढची सगळी टीका या एका वाक्यावर उभी आहे.

चार प्राणी, चार तडजोडी

डुक्कर. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाशी संबंधित गटाने २००५ मध्ये डुकरांमधलं मॉडेल प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेने मार्ग करायचा, त्यात सेटन म्हणजे दोरा ओवून ठेवायचा आणि मार्ग पक्का झाला की उपचार तपासायचा. पुढे फायब्रिन गोंदासारखे उपाय या पद्धतीने तपासले गेले. याचा फायदा उघड आहे. डुकराचा आकार मोठा असल्याने माणसासाठी वापरायचं साहित्य तसंच वापरता येतं, एमआरआय करता येतो, स्नायूंना इजा झाली का तेही बघता येतं. अडचण अशी की हा मार्ग निरोगी, तरुण प्राण्यात बनवलेला असतो. ग्रंथीचा संसर्ग नाही, आतड्याचा दाह नाही. दोरा काढला की तो मार्ग उघडा राहायला काही कारणच उरत नाही.

उंदीर, म्हणजे रॅट. इथे दोऱ्याच्या जोडीला रसायन येतं. टीएनबीएस हे रसायन अल्कोहोलमध्ये मिसळून आतड्यात दिलं की अल्कोहोल अस्तराचा अडसर मोडतं, टीएनबीएस तिथल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्या बदललेल्या प्रथिनांवर तुटून पडते. १९८९ पासून आतड्याच्या दाहाच्या अभ्यासात ही युक्ती वापरली जाते. २०२० मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने रॅटमध्ये दोरा आणि टीएनबीएस एकत्र वापरून क्रोन्ससारखा भगंदर उभा केला, तो एमआरआय आणि ऊतींच्या तपासणीने पारखला, आणि मग त्यात चरबीतून काढलेल्या मूळपेशी देऊन बघितल्या. मला हा प्रयत्न प्रामाणिक वाटतो, कारण 'मार्ग उघडा ठेवणारं कारण' मॉडेलमध्ये घालण्याची धडपड त्यात आहे. पण टीएनबीएसचा दाह हा बाहेरून दिलेला धक्का आहे. रुग्णाचा दाह आतून, वर्षानुवर्षं पेटत असतो.

रॅट आणि माऊस यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांची त्वचा सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे त्यांच्या त्वचेवरच्या जखमा बऱ्याच अंशी आकसून बंद होतात. माणसाची आणि डुकराची त्वचा खालच्या थरांना घट्ट चिकटलेली असते, तिथे जखम नवी ऊती भरून यावी लागते. तेव्हा रॅटमध्ये 'बाहेरचं तोंड बंद झालं' याचा अर्थ 'मार्ग भरून आला' असा लगेच घ्यायचा नाही. वर कातडी आवळली आणि आत पोकळी तशीच, असंही होऊ शकतं.

माऊस. एसएएमपी१/वायआयटीएफसी नावाच्या वाणात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह कोणी न देता आपोआप होतो. २००३ मध्ये असं नोंदवलं गेलं की यातल्या काही माऊसना गुदद्वाराजवळ भगंदरही होतो. कुणी टाचणी लावली नाही, रसायन दिलं नाही, तरी झाला. आजाराच्या मुळाशी सगळ्यात जवळचं मॉडेल हेच. पण प्रमाण सुमारे ५ टक्के. गणित करून बघा. एका प्रयोगाला भगंदर झालेले २० प्राणी हवे असतील तर साधारण ४०० माऊस वाढवावे लागतील, आणि ते सगळे एकाच वेळी आजारी पडणार नाहीत. यंत्रणा समजून घ्यायला हे मॉडेल सोन्यासारखं आहे, औषध तपासायला जवळजवळ अशक्य.

कुत्रा. जर्मन शेफर्ड जातीत गुदद्वाराभोवती जखमा आणि मार्ग आपोआप होतात. हा आजार प्रतिकारशक्तीशी निगडित मानला जातो आणि सायक्लोस्पोरिनला बऱ्यापैकी दाद देतो. इथे प्राणी आजारी 'पाडावा' लागत नाही, तो रुग्ण म्हणूनच पशुवैद्यांकडे येतो. २०१६ मध्ये अशा ६ कुत्र्यांना मानवी भ्रूण-मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी टोचल्या गेल्या. ३ महिन्यांनी सहाही कुत्रे मार्गमुक्त होते, ६ महिन्यांपर्यंत दोघांत आजार परत आला. वाचायला सुंदर वाटतं. पण शीर्षक सोडून आत शिरलात तर दोन प्रश्न पडतात. एक, कुत्र्यांमधले हे मार्ग अनेकदा गुदाशयापर्यंत पोचतच नाहीत, मग हा माणसाच्या भगंदराचाच नमुना म्हणायचा का? दोन, तुलनेला गट कुठे आहे? सहा प्राणी, सगळ्यांना उपचार. सुधारणा कशामुळे झाली, हे अशा रचनेतून सांगता येत नाही.

आता माणसांकडे या

कंट्रोल गटाबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते क्रोन्सच्या भगंदरावरच्या तीन मोठ्या चाचण्यांमधून कळेल.

१९९९ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण ९४. सगळे मार्ग बंद झाल्याचं प्रमाण कमी मात्रेच्या गटात ५५ टक्के, जास्त मात्रेच्या गटात ३८ टक्के आणि नुसतं प्लासिबो मिळालेल्यांत १३ टक्के.

२०१६ मध्ये डार्व्हाडस्ट्रोसेलची, म्हणजे दात्याच्या चरबीतून काढलेल्या मूळपेशींची चाचणी आली. रुग्ण २१२. २४ आठवड्यांनी पेशींच्या गटात सुमारे ५० टक्के, कंट्रोलमध्ये सुमारे ३४ टक्के. या जोरावर २०१८ मध्ये युरोपात मान्यता मिळाली.

मग त्याच पेशींची दुसरी, मोठी चाचणी झाली. रुग्ण ५६८. २०२३ मध्ये निकाल कळला: पेशींच्या गटात ४८.८ टक्के, कंट्रोलमध्ये ४६.३ टक्के. फरक उरलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हे उत्पादन युरोपच्या बाजारातून मागे घेतलं गेलं.

हे आकडे पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त कंट्रोलचे. १३, ३४, ४६. पेशींचा आकडा दोन्ही चाचण्यांत जवळजवळ तोच आहे, ५० आणि ४८.८. हलला तो कंट्रोल. चाचण्यांचे रुग्ण, काळ आणि निकष वेगवेगळे होते, त्यामुळे हे आकडे सरळ एकाखाली एक मांडून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरं. तरी एक गोष्ट नजरेत भरते. १९९९ च्या चाचणीतल्या कंट्रोल रुग्णांना फक्त औषध नसलेलं सलाइन मिळालं होतं. पेशींच्या चाचण्यांमध्ये मात्र कंट्रोल गटातल्या रुग्णांचाही मार्ग खरवडून साफ केला होता आणि आतलं तोंड टाके घालून बंद केलं होतं. म्हणजे तो 'काहीच न दिलेला' गट नव्हताच. चांगली साफसफाई हा स्वतःच एक उपचार आहे.

आता परत प्रयोगशाळेत चला. रॅटच्या मार्गात जेल भरण्याआधी तुम्ही मार्ग धुता, खरवडता, कधी टाका घालता. कंट्रोल प्राण्यांत हे सगळं तसंच केलं होतं का? की त्यांना नुसतं सोडून दिलं होतं? दुसरी गोष्ट झाली असेल तर तुम्ही जेल तपासलंच नाही, तुम्ही सफाई अधिक जेल तपासलं.

दुसरी कल्पना करा. समजा कंट्रोलमधल्या १० पैकी ८ मार्ग चार आठवड्यांत आपोआप बुजले आणि उपचाराच्या गटात १० पैकी १०. पेपरात लिहिलं जाईल: 'उपचार गटात १०० टक्के यश.' वाक्य खोटं नाही. पण ज्या मॉडेलमध्ये आजार स्वतःच पळून जातो, त्यात कुठलाही उपचार हिरो ठरतो. असं मॉडेल भगंदर बरं करण्याची परीक्षा घेत नाही, ताजी जखम लवकर भरण्याची घेते.

उपचार आधी, मॉडेल मागून

सालं जुळवून बघितली तर आणखी एक गंमत दिसते. चरबीतल्या मूळपेशी क्रोन्सच्या भगंदरासाठी माणसात पहिल्यांदा वापरल्याचा अहवाल माद्रिदहून २००३ मध्ये आला. डुकराचं मॉडेल २००५ चं, पेशी तपासणारं फ्रेंच रॅट मॉडेल २०२० चं. इन्फ्लिक्सिमॅब तर १९९९ मध्येच भगंदरावर उपयोगी ठरलं होतं, माऊसमधला भगंदर नोंदवला जाण्याच्या चार वर्षं आधी. पाठ्यपुस्तकातला क्रम आधी प्राणी मग माणूस असा असतो. इथे बऱ्याचदा तो उलटा झाला.

आपल्याकडचं उदाहरणही असंच आहे. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत. क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचे लेप दिलेला दोरा, आजही ठिकठिकाणी वापरला जातो. त्याची परीक्षा कुठल्या रॅटवर ठरली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांवर रुग्णांचीच यादृच्छिक चाचणी घेतली आणि निकाल १९९१ मध्ये प्रसिद्ध केला: बरं व्हायला क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे, शस्त्रक्रियेने ४, पण आजार परतण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के. आता हा अभ्यास चौथ्या आठवड्यालाच थांबवला असता तर? क्षारसूत्र हरलं असतं. प्राण्यांवरचे कितीतरी प्रयोग असेच काही आठवड्यांत संपतात आणि परतण्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाहीत. ज्या आजाराची ओळखच 'परत येणारा' अशी आहे, तिथे ही उणीव छोटी नाही.

लहान नमुन्याचा धोका माणसांतही असतोच. डुकराच्या आतड्यापासून बनवलेल्या बुचाचा २००६ मधला पहिला अहवाल १५ पैकी १३ रुग्ण बरे झाल्याचं सांगत होता. २०२१ मध्ये ३०४ रुग्णांची ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा एका वर्षाने बूच ५४ टक्के आणि सर्जनने निवडलेली दुसरी पद्धत ५५ टक्के असं निघालं.

मग मॉडेल फेकून द्यायची का?

नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मॉडेलला त्याच्या ताकदीचाच प्रश्न विचारावा. बूच जागेवर राहतं का, स्नायूला इजा होते का, जेल किती दिवसांत विरघळतं: डुकराला विचारा. दाहातला एखादा रेणू अडवला तर मार्गाच्या कडेच्या पेशी बदलतात का: रॅटला किंवा माऊसला विचारा. आपोआप झालेला, मुरलेला आजार बरा होतो का: जर्मन शेफर्डला विचारा, पण तुलनेचा गट ठेवून आणि मालकाची संमती घेऊन. 'रुग्ण बरा होईल का' हा प्रश्न यातल्या कुणालाच एकट्याने पेलत नाही.

म्हणून पेपर वाचताना किंवा स्वतःचा प्रस्ताव लिहिताना पाच गोष्टी वहीत मांडून ठेवा.

१. काहीच उपचार न केलेला मार्ग किती दिवस उघडा राहतो? हा आकडा पेपरात नसेल तर पुढचे आलेख सावधपणे वाचा.

२. कंट्रोल प्राण्यांवर उपचार सोडून बाकी सगळं, म्हणजे भूल, धुणं, खरवडणं, टाके, सारखंच केलं आहे का?

३. 'बरं झालं' हे कोणी आणि कशावरून ठरवलं? बाहेरचं तोंड बघून, ऊती कापून, की एमआरआयवर? बघणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे माहीत होतं का? २०१६ च्या मानवी चाचणीत बाहेरची तोंडं बंद असणं पुरेसं नव्हतं, एमआरआयवर २ सेंटिमीटरपेक्षा मोठा पूचा साठा नसणंही आवश्यक होतं.

४. नमुना कशाचा मोजला? एका डुकरात तीन मार्ग केले तर ते तीन नमुने होत नाहीत. तिन्हींचं रक्त, आहार, प्रतिकारशक्ती एकच. प्राणी एक, तर नमुना एक. ८ डुकरांचे २४ मार्ग '२४' म्हणून संख्याशास्त्रात घातले की तारे आपोआप उगवतात.

५. किती दिवस वाट बघितली? उपचार थांबवल्यावर किंवा दोरा काढल्यावर पुढे काय झालं?

भारतात काम करणार असाल तर हे प्रश्न तुम्हाला टाळताही येणार नाहीत. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे 'फॉर्म बी' भरताना प्राण्यांची संख्या का इतकी, याचं समर्थन द्यावं लागतं. डुक्कर-कुत्रा यांसारख्या मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव पुढे केंद्रीय समितीकडे जातो. पुष्कळ जण या फॉर्मकडे कटकट म्हणून बघतात. माझ्या मते तो फॉर्म म्हणजे फुकटात मिळालेला समीक्षक आहे. 'कमी प्राणी वापरा' हे तत्त्व रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलं, पण त्याचा अर्थ प्रत्येक गटात चारच प्राणी घ्या असा होत नाही. इतके कमी घेतले की उत्तरच मिळालं नाही, तर ते सगळे प्राणी वाया गेले. आणि कंट्रोल गट वाचवायला म्हणून काटला, तर उरलेले सगळे.

तुमच्या गाईडने उद्या भगंदराचं, किंवा दुसऱ्या कुठल्याही आजाराचं मॉडेल 'उभं करायला' सांगितलं, तर पहिले काही महिने औषधाला हात लावू नका. नुसतं मॉडेल बनवा आणि काही न करता बघत बसा. मार्ग किती दिवस उघडा राहतो, कितींमध्ये राहतो, कुठल्या प्राण्यात लवकर बुजतो, याची नोंद ठेवा. प्रगती अहवालात हे काम फिकं दिसेल, कमिटी विचारेल 'रिझल्ट कुठे आहे?' तेव्हा न घाबरता सांगा की हाच रिझल्ट आहे. पुढे जे काही मोजाल ते याच पायावर उभं राहणार आहे.